परदेश पाहायचाय? मग गुडघे धड आहेत तोवर!

आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायका परदेशी जात नाहीत, असं कोण म्हणतं? जातात की! लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण निघालं की डिंकाचे लाडू, आळीव आणि मेतकूट बांधून थेट अमेरिकेला जातात. चांगल्या सहा-सहा महिने राहतात. परत आल्यावर विचारावं, ‘‘मावशी, काय काय पाहिलंत?’’ तर उत्तर येतं, ‘‘स्वयंपाकघर पाहिलं बाई! आणि खिडकीतून बर्फ.’’ दुसऱ्या जाणाऱ्या म्हणजे यजमान निवृत्त झाले, फंड हाती आला, की युरोपची सहल करणाऱ्या. माणशी दोन-अडीच लाख मोजायचे, बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये चढायचं. त्यात वर चढायच्या पायऱ्या दिसल्या की अर्ध्या जणी खालीच बाकावर. त्या वयात गुडघे ऐकत नाहीत, त्यात त्यांचा काय दोष?

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं, की पायांत बळ आहे तोवर, म्हणजे तिशी-चाळिशीतच, आपल्या हिमतीवर एखादा परदेश करता येतो. त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही की दागिना मोडावा लागत नाही. मात्र देश निवडताना डोकं शांत ठेवायला हवं. शेजारच्या वहिनी दुबईला गेल्या म्हणून आपणही दुबई, हा काही हिशेब नव्हे. साडी घेताना आपण पदर, काठ, रंग सगळं उलटून पाहतो. मग लाखभराच्या प्रवासाला जाहिरातीतला एक फोटो पाहून कशा भुलतो?

तीन गोष्टी पाहाव्यात. तिथे पोचायला किती लागतात, तिथे आपला रुपया किती चालतो, आणि आपल्या सुट्टीत तिथे ऋतू कोणता असतो. पहिल्या दोन गोष्टी पुरुषमंडळी तरी विचारतात. तिसरी कोणीच विचारत नाही, आणि सहली फसतात त्या बहुधा तिच्यामुळेच. मुलं शाळेत असलेल्या घराला सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. तेव्हा देश निवडायचा तो या दोन खणांत बसणारा.

हा हिशेब मांडला की पहिलं नाव येतं नेपाळचं. ‘‘इश्श, नेपाळ काय परदेश आहे का?’’ असं काही जणी म्हणतील. बाई गं, जगभरातून माणसं लाखो रुपये घालवून तिथे हिमालय चढायला येतात आणि आपल्याला तो दारात आहे म्हणून नको! नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला इंग्लंड-कॅनडाहून माणसं येतात, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे सवडीने कधी गेलेल्या नसतात. त्यातलाच हा प्रकार.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्टही सक्तीचा नाही. निवडणुकीचं ओळखपत्र चालतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नेपाळच्या प्रवासासाठी आधार कार्ड पुरत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टी लागण्याआधीच मागून घ्या. नंतर शाळेला कुलूप असतं आणि मुख्याध्यापक गावी.

जायचं कसं? मुंबई-गोरखपूर मार्गावरच्या कुशीनगर एक्स्प्रेससारख्या गाड्या मनमाडला थांबतात. नांदेडकरांनी मनमाडला आणि लातूरकरांनी कल्याणला ती गाडी धरावी. गोरखपूरहून सोनौलीची सीमा साधारण शंभर किलोमीटर. तिथे कमानीखालून पायी चालत आपण परदेशात शिरतो! विमानात बसून उतरण्यापेक्षा ही मजा निराळी, मुलं तर जन्मभर विसरत नाहीत. पलीकडे भैरहवा, आणि तिथून जवळच लुंबिनी. आपल्या मराठवाड्यातले कितीतरी बौद्ध बांधव बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत तिथवर जातात. बहुतेक तिथूनच परततात. माझं मन म्हणतं, आणखी एक दिवस बसमध्ये बसा आणि पोखरा गाठा.

पोखऱ्याहून घोरेपानी-पून हिलची चार-पाच दिवसांची पायवाट आहे. पून हिलची उंची ३,२१० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण घाबरू नका, दोर-कुऱ्हाडीचं काम नाही. दगडी पायऱ्यांची वाट, मुक्कामाला गावं, आणि दर मुक्कामी गरम डाळभात. डाळभात पुन्हा वाढून मिळतो, हे आपल्यासारख्यांना मोठंच सुख. उल्लेरी गावाची चढण मात्र दम काढते. तिथे हजारो पायऱ्या एकापाठोपाठ येतात. आणि मग एका पहाटे अंधारात विजेरी घेऊन वर चढायचं. समोर ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा उन्हाने आधी गुलाबी, मग सोनेरी होताना दिसतात. ‘अन्नपूर्णा’ हे नाव आपण रोज देव्हाऱ्यात घेतो. ती एवढी उंच असेल असं कधी वाटतं का?

एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींनी परवानाधारक वाटाड्या घ्यावा असा नेपाळचा नियम आहे. तो खर्च टाळू नये. पोखऱ्यात लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणींनी १९९० च्या दशकात बायकांना वाटाड्या म्हणून तयार करायला सुरुवात केली. तेव्हा हे काम पुरुषांचंच समजलं जाई. आज त्या वाटांवर बाई वाटाडी मिळते, आणि दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून जायचं असेल तर तीच मागावी. पाळीचे दिवस, पोटाच्या तक्रारी या गोष्टी तिच्याशी मोकळेपणी बोलता येतात. पॅड घरूनच न्यावेत, आणि वापरलेले ठेवायला काळी पिशवीही न्यावी. डोंगरात कचऱ्याची सोय नसते.

रुपयाचं म्हणाल, तर १९९३ पासून आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी १६० असा दर ठरलेला आहे. अनेक वर्षं आपल्या शंभरावरच्या नोटांना तिथे मनाई होती, म्हणून शंभराच्याच नोटा जवळ ठेवणं सोयीचं. २०२४ पासून शहरांतल्या दुकानांत आपलं यूपीआयही चालू लागलं आहे, पण डोंगरात रोखच. दोघांचा बारा दिवसांचा खर्च, वातानुकूलित डब्याचं तिकीट, साधी स्वच्छ हॉटेलं, वाटाडी आणि परवाने धरून, माझ्या आकडेमोडीने साठ ते ऐंशी हजारांच्या घरात येतो. मूल बरोबर असेल तर थोडा वाढेल.

आणि ऋतू! ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नेपाळचा सर्वांत स्वच्छ आकाशाचा काळ, म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. त्यांचा तिहार हा सण तेव्हाच येतो. एक दिवस कावळ्याचा, एक दिवस कुत्र्याचा! रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा हार घालून, टिळा लावून खाऊ देतात. शेवटी भाईटीका, आपली भाऊबीज. ‘‘पण दिवाळीत घर सोडून?’’ हा प्रश्न घरात येणारच. त्याला माझं उत्तर असं, की फराळ आधी करा, लक्ष्मीपूजन घरी करा आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसा. करंज्या प्रवासात उत्तम टिकतात.

पावसाळ्यात मात्र नेपाळला जाऊ नका, कोणी कितीही स्वस्तात नेतो म्हणालं तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. घाटातले रस्ते, दरडी आणि फुगलेल्या नद्या यांच्यापुढे श्रद्धेचं काही चालत नाही. दिवाळीतसुद्धा तिथला बसप्रवास दिवसाउजेडीच करावा. निघण्याआधी आठवडाभर बातम्याही पाहाव्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा काठमांडूचं विमानतळ बंद पडलं आणि प्रवासी अडकून पडले होते.

मे महिन्याची सुट्टीच हाती असेल तर भूतानचा विचार करा. हसीमाऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे जयगावहून सीमा. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. पण २०२२ पासून भूतान भारतीयांकडून दर रात्री माणशी १,२०० रुपये कर घेतं. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मा, त्याखालच्यांना माफ. दोघं पाच रात्री राहिलात तर १२,००० नुसते करातच गेले. त्याच्या बदल्यात पारोजवळचा, कड्याला चिकटलेला तक्‌त्सांग मठ. पायी वर जाऊन यायला बहुतेक सगळा दिवस मोडतो. देश सुंदर आणि शांत आहे. स्वस्त मात्र म्हणता येणार नाही.

श्रीलंका मे महिन्यात नको, तिथे नैऋत्येचा पाऊस सुरू होतो. ती दिवाळीनंतरची, नाताळच्या आसपासची. तिथे मला सर्वांत ओढ आहे श्रीपादाची. उंची २,२४३ मीटर, पाच हजारांहून अधिक पायऱ्या, आणि डिसेंबर ते मे या यात्राकाळात रात्री चढायला सुरुवात करून पहाटे माथ्यावर पोचायचं. माथ्यावरचं पाऊल बौद्ध बुद्धाचं मानतात, हिंदू शिवाचं, तर मुसलमान आणि ख्रिस्ती आदमचं. एकाच पायरीवर सगळे धापा टाकत उभे! ऑनलाइन परवान्याचे नियम तिथे वारंवार बदलतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळावर पाहूनच पुढे जा. तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून कांकेसंथुराईला जाणारी बोट ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण खवळलेल्या समुद्रात ती थांबते. तिच्या भरवशावर परतीचं आरक्षण करू नये. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळाने डोंगरी भागातल्या रेल्वेमार्गाचं फार नुकसान केलं, म्हणून त्या प्रसिद्ध रेल्वेसाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

थोडे जास्त पैसे साठले असतील तर व्हिएतनाम. विमान लागतंच, आणि आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबादचं विमानतळ जवळ. एका प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरना मिळतो. एकदा पोचलं की राहणं-खाणं स्वस्त. फोंग न्या भागात मोठमोठ्या गुहा आहेत. वेरूळ-खरोशाची लेणी पाहिलेल्या आपल्या डोळ्यांनाही, माणसाचा हात न लागता डोंगर एवढा पोखरला जातो हे नवल वाटेल. शाकाहारी भगिनींनी ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. त्यांचा अर्थ शाकाहार. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत माशाचा रस घातलेला असतोच.

यांपैकी कुठेही जा, पासपोर्ट काढून ठेवाच. नेपाळलाही तो असला की बरं. पूर्वी त्यासाठी लांबचं शहर गाठावं लागे. आता नांदेड आणि लातूर दोन्हीकडे पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, अठराखालच्या मुलांना १,०००. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो. आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच! पासपोर्टवर सासरचं नाव लावलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कोणतं नाव ठेवायचं ते एकदा ठरवा आणि सगळे कागद तसे करून घ्या. विमानाच्या तिकिटावरही तेच हवं.

डोंगर चढणार असाल तर प्रवासविमा घेताना ‘इतक्या मीटरपर्यंतची पायवाट आणि हेलिकॉप्टरने सुटका’ त्यात धरली आहे का, हे वाचून घ्या. साधारण अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर सुरू झाली तर वर जायचं नाही. आणि वाढली तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. ‘‘एवढे पैसे भरलेत, आता एक दिवसासाठी काय!’’ हा आपला काटकसरीचा स्वभाव तिथे जिवावर बेतू शकतो. रक्तदाबाची किंवा दम्याची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

पैसे कसे जमवायचे, हे मी तुम्हाला काय सांगावं? भिशी आपणच चालवतो. फक्त एक करा: या भिशीचं नाव आधीच ‘नेपाळची भिशी’ ठेवा आणि पाच-सहा जणी त्याच कामासाठी जमा. बिननावाची भिशी मिक्सरमध्ये नाहीतर नणंदेच्या आहेरात जाते, हा सगळ्यांचाच अनुभव. हप्त्यांवर मिळणारी परदेश सहल मात्र मला अजिबात पसंत नाही. फोटो जुने होतात, तरी हप्ता चालूच.

पायांची तयारी आजपासून करता येते. माहूरगड आपल्या जिल्ह्यातच. रेणुकामातेच्या पायऱ्या महिन्यातून दोनदा चढा, पाठीवर पाच किलोचं ओझं घेऊन. लातूरकरांना खरोसा आहे, उदगीरजवळचं हत्तीबेट आहे. रोज पाऊण तास भरभर चालणं हवंच. बूट निघण्याआधी दोन महिने घेऊन पायात रुळवा. नवे बूट फोड आणतात. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीच्या गाड्या उत्तरेकडे परतणाऱ्या माणसांनी बघता बघता भरतात. दिनदर्शिका घ्या, पाडव्यापासून मागे साठ दिवस मोजा आणि त्या तारखेवर लाल खूण करून ठेवा. सकाळी आठच्या आत संगणकापुढे बसायचं आहे.