लाट वर, कान खाली

पावसाळ्यात कोकण किनाऱ्याकडे येणारी मोठी लाट साधारण 10 सेकंदांची असते, म्हणजे दोन लाटांमध्ये तेवढा वेळ जातो. खोल पाण्यात अशा लाटेची लांबी सुमारे 156 मीटर भरते. लाटेबरोबर पाण्याचा कण वर्तुळात फिरतो आणि खाली जावे तसे हे वर्तुळ झपाट्याने लहान होत जाते. लाटेच्या निम्म्या लांबीइतके, म्हणजे 78 मीटर खाली गेले की ते वरच्याच्या जेमतेम 4 टक्के उरते. वर होडी दोन मीटर उचलली जात असेल, तेव्हा तिथले पाणी आठ-नऊ सेंटिमीटर हलते. पाण्यातले आवाज ऐकायला अशी जागा उत्तम. पण तिथे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, ठेवायचा तर तो कशाला तरी टांगावा लागतो. ज्याला टांगायचा तो बोया वर, लाटांत असतो. वरची उलथापालथ लाट खाली नेत नाही. ती आपणच सोडलेला दोर नेतो.

ही उलथापालथ किती घातक, ते आकड्यांत पाहू. पाण्यात एक मीटर खालीवर झाले की दाब सुमारे 10,000 पास्कलने बदलतो. दूरवरच्या व्हेलची हाक हायड्रोफोनपर्यंत पोचते ती पास्कलच्या दशांशाएवढी. म्हणजे बोयाबरोबर मीटरभर हेलकावणाऱ्या हायड्रोफोनला हाकेच्या लाखपट मोठा खोटा दाब जाणवतो. हा बदल फार संथ असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक गाळणीने तो वेगळा काढता येतो. मात्र गाळणीपर्यंत पोचण्याआधीच त्याने अॅम्प्लिफायर तुंबवला, तर मागे काही उरत नाही.

त्याहून अवघड आहेत ते हालचालीतून जन्मणारे दुसरे आवाज. हायड्रोफोन पाण्यातून ओढला गेला की त्याच्या अंगावर पाणी खळबळते. दोर क्षणभर सैल पडून पुन्हा ताणला गेला की झटका बसतो, आणि तो झटका थेट आवाज म्हणून नोंदला जातो. शिवाय दोर स्वतः गुणगुणतो. प्रवाहात उभ्या असलेल्या दोरामागे भोवरे आलटून पालटून सुटतात आणि त्याला थरथरवतात. पाच मिलिमीटर जाडीच्या दोरावरून सेकंदाला पाव मीटर वेगाने पाणी गेले, तर थरथर सुमारे 10 हर्ट्झची होते. वेग दुप्पट झाला की 20 हर्ट्झची. फिन व्हेलची हाकही 20 हर्ट्झच्या आसपासच असते. अशा वेळी गाळणीने दोर काढायचा तर व्हेलही जाते. म्हणून दोराला केसांसारखे धाग्यांचे झुबके लावतात. ते भोवऱ्यांची शिस्त मोडतात आणि थरथर ओसरते.

या अडचणीशी सर्वांत जास्त झगडावे लागले ते सोनोबॉय, म्हणजे पाणबुड्या ऐकायला हवेतून टाकायचे बोये, बनवणाऱ्यांना. 7 मार्च 1942 रोजी अमेरिकेच्या न्यू लंडन बंदराजवळ नौदलाच्या के-5 या ब्लिम्पने, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या फुग्यासारख्या यानाने, पाण्याखालच्या एस-20 पाणबुडीचा माग अशा बोयाने काढला. आजचा प्रमाण आकाराचा सोनोबॉय म्हणजे जेमतेम 91 सेंटिमीटर लांब आणि सुमारे 12.4 सेंटिमीटर रुंद नळकांडे. विमानातून ते छत्रीने उतरते. खारे पाणी लागताच बॅटरी जागी होते, तरंगणारी पिशवी फुगते, अँटेना वर राहते आणि हायड्रोफोन ठरलेल्या खोलीपर्यंत सुटतो. कान खाली, रेडिओ वर. भारतीय नौदलाची पी-8आय विमाने हेच सोनोबॉय टाकतात.

या नळकांड्यात बॅटरी, रेडिओ आणि शेकडो मीटर तार बसवल्यावर जी जागा उरते, तिच्यात लाट अडवण्याची सोय करायची असते. तिचे मुख्य भाग दोन: लांब ताणणारा रबरी दोर आणि त्याच्याखाली पाण्याला अडणारी तबकडी किंवा कापडी ड्रोग, म्हणजे पाण्यातली छत्री. रबर आणि कापड दोन्ही घडी करून कोंबता येतात. पण ते वापरण्याचे खरे कारण वेगळे आहे.

दोराला टांगलेली वस्तू स्वतःच्या एका ठरावीक तालात खालीवर होते. हा ताल लाटेपेक्षा बराच संथ असेल, तर लाट येऊन जाते तरी खालच्या वस्तूला हलायला सवड मिळत नाही. ताल संथ करायचा तर दोर मऊ हवा आणि वस्तू जड हवी. इथे पेच पडतो. एक मीटर ताणायला किलोभर भार लागेल इतका मऊ दोर घेतला आणि त्याला 350 किलोचे लोखंड लावले, तर लोखंडाचे पाण्यातले वजन 300 किलोच्या घरात. दोर 300 मीटर ताणावा लागेल. तो त्याआधीच तुटेल, आणि बोयाही बुडेल.

उत्तर समुद्रातच आहे. मोठी परात विहिरीच्या पाण्यात आडवी धरून झटकन वर ओढून पाहा. परात हलकी असते, पण तिच्याबरोबर बरेचसे पाणी ओढावे लागते. एक मीटर व्यासाची पातळ आडवी तबकडी खालीवर हलवायला जो जोर लागतो, तो जवळजवळ 340 किलो वस्तुमान हलवण्याइतका असतो. तबकडी अॅल्युमिनियमची आणि चार-पाच किलोची असली तरी. हे पाणी दोराला लटकत नाही, त्यामुळे त्याचे वजन नाही. मात्र हलायला ते लोखंडाइतकेच आळशी. तबकडी आणि हायड्रोफोन मिळून पाण्यात तीन किलो भरले, तर तोच मऊ दोर फक्त तीन मीटर ताणतो आणि ताल 37 सेकंदांवर जातो. मग 10 सेकंदांच्या लाटेतला सुमारे तेरावा हिस्साच खाली पोचतो. शिवाय तबकडीच्या कडेवरून पाणी खळबळत जाते आणि उरलेले हेलकावे खाऊन टाकते.

हे गणित चुकले तर उपाय अपायाहून वाईट ठरतो. रबर चौदापट ताठ घेतले की ताल 10 सेकंदांवर येतो, लाटेच्या नेमक्या तालावर. मग प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते आणि हायड्रोफोन बोयापेक्षाही जास्त नाचू लागतो. त्यामुळे दोराची निवड कुठल्या समुद्रात, कुठल्या ऋतूत काम आहे ते पाहून करावी लागते. ड्रोग कुठे लावायचा, यालाही महत्त्व आहे. वाऱ्याने वरचे पाणी एका दिशेला जाते, खालचे दुसरीकडे. ड्रोग हायड्रोफोनजवळ असला, तर हायड्रोफोन आपल्याभोवतीच्या पाण्याबरोबर वाहतो आणि ओढला जातो तो बोया.

ही जोडणी आता शास्त्रज्ञांनीही उचलली आहे. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने 2016 च्या पास्कल मोहिमेत कॅलिफोर्नियाजवळ डॅस्बर नावाचे मुक्त वाहणारे बोये सोडले. खोल बुडी मारणाऱ्या, क्वचितच दिसणाऱ्या चोचवाल्या व्हेल शोधायच्या होत्या. 100 मीटरहून खोल, एकाखाली एक असे दोन हायड्रोफोन आणि त्यांच्यावर ताणणारा दोर. दोन कानांपर्यंत आवाज पोचायला लागलेल्या वेळेतील फरकावरून आवाज कोणत्या कोनातून आला आणि व्हेल किती खालून बोलते ते कळते. दोर कलला तर हा कोन चुकतो, म्हणून इथे नुसती शांतता पुरत नाही, दोर उभाही राहावा लागतो.

वरचा तरंगणारा भाग बदलणे हा दुसरा मार्ग. बोया सडपातळ आणि खूप लांब केला की लाट वर चढली तरी त्याची उचल फारशी बदलत नाही. पाच मीटर बुडालेल्या सरळ खांबाचा ताल साडेचार सेकंदांचा, म्हणजे लहान लाटांच्याच तालाचा. 90 मीटर बुडालेल्याचा 19 सेकंदांचा. अमेरिकेतल्या स्क्रिप्स सागर संशोधन संस्थेच्या फ्रेड स्पीस आणि फ्रेड फिशर यांनी हे टोकाला नेले. 1962 मध्ये फ्लिप पाण्यात उतरले: 108 मीटर लांब, स्वतःचे इंजिन नसलेले जहाज. ठरल्या जागी ओढून नेल्यावर त्याच्या टाक्यांत पाणी भरायचे की ते उभे राही. सुमारे 91 मीटर पाण्याखाली. पाण्याच्या पातळीला त्याचा व्यास मुद्दाम कमी ठेवला होता, त्यामुळे ताल आणखी संथ झाला. उभे झाल्यावर भिंत जमीन होई, म्हणून आतल्या सामानाची मांडणी दोन्ही बाजूंनी केलेली होती. 2023 मध्ये ते निवृत्त झाले. एवढा खर्च एका जहाजापुरता परवडला. शेकडो बोयांना तो मार्ग खुला नाही.

नांगरलेल्या बोयांची गोष्ट निराळी. बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स उपसागरात 2008 च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठ आणि वुड्स होल सागर संशोधन संस्थेने जहाजमार्गावर दहा बोये बसवले. दुर्मीळ राइट व्हेलची हाक ऐकू आली की येणाऱ्या गॅसवाहू जहाजांना वेग कमी करायला सांगायचे. इथे बोया आणि तळ यांच्यामध्ये जाड रबरी नळी बसवली. ती ताणून लांब होते आणि तिच्या भिंतीत वेटोळ्यांनी गुंफलेल्या तारा न तुटता उलगडतात. नळी झटके खाते, तारा बातमी वर नेतात.

बोया अजिबात वर ठेवायचाच नाही, हा तिसरा मार्ग. भारताने 2014 मध्ये आर्क्टिकच्या काँग्सफियोर्डमध्ये 192 मीटर पाण्यात इंडआर्क हे पाण्याखालचे निरीक्षण केंद्र बसवले. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने (एनआयओटी) आणि गोव्यातल्या वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने हे काम केले. त्याचा तरंगणारा भाग पाण्याखालीच आहे. लाटही त्याला गाठत नाही आणि बर्फही. त्याची किंमत एवढीच, की नोंदी हाती यायला उपकरण बाहेर काढण्याची वाट पाहावी लागते.

निवड शेवटी याच प्रश्नावर येते: उत्तर केव्हा हवे? वर्षभराने चालणार असेल तर बोया बुडवून ठेवावा, आणि लाटांचा प्रश्नच मिटतो. पाणबुडीचा माग किंवा जहाजासमोरची व्हेल असेल, तर रेडिओ पाण्यावरच हवा. मग लाट दोराला धरणार, हे गृहीत धरून तबकडीचा व्यास आणि रबराची ताठरता आधी ठरवावी लागते. हायड्रोफोन त्यानंतर निवडला तरी चालतो. महागडा घेऊन चुकीच्या दोराला लावला, तर तो लाटच जास्त बारकाईने ऐकतो.