कुंडमचा कोदो आणि जबलपूरचे ताट

जबलपूरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाधार धबधबा पाहण्यासाठी जातो आणि जेवणाचा प्रश्न मुक्कामाच्या हॉटेलवर सोपवून मोकळा होतो. वस्तुतः हे शहर खवय्यांना निराश करणारे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे मराठी माणसाला ते तसे परकेही नाही.

सकाळची न्याहारी पोहे-जिलबीची. दुपारनंतर पावले वळवावीत ती कमानिया गेटकडे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण सांगणाऱ्या या कमानीच्या परिसरात बडकुल यांची खव्याची जिलबी मिळते. हरप्रसाद बडकुल यांनी १८८९ मध्ये ती प्रथम केली, असे सांगितले जाते. मैद्याऐवजी खवा आणि आरारूट, त्यामुळे रंग काळसर आणि पोत मऊ. एका बैठकीत दोनहून अधिक खाणे धाडसाचेच! भूक मोठी असेल तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले गक्कड आणि वांग्याचे भरीत हा या भागातील खरा बेत होय.

बँकेच्या ग्राहकांना विशेष रस वाटावा असे ठिकाण म्हणजे इंडियन कॉफी हाऊस. कॉफी बोर्डाने १९५७ च्या सुमारास आपली कॉफीगृहे बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने बेकार होऊ घातलेल्या कामगारांनी सहकारी संस्था उभारल्या. त्यांपैकी एका संस्थेचे मुख्यालय जबलपूरला असून मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील अनेक शाखा तिच्या आहेत. डोक्यावर तुऱ्याचा फेटा मिरवीत डोसा आणून ठेवणारा सेवक येथे संस्थेचा सभासद, म्हणजे एका अर्थी मालकच असतो.

मात्र या सगळ्या खाद्ययात्रेत एका धान्याची भेट सहसा होत नाही. त्यासाठी शहराबाहेर पडून शहापुरा-डिंडोरीमार्गे अमरकंटककडे जाणारा रस्ता धरावा लागतो. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. हिरन नदीचा उगम याच परिसरातला. गोंड आदिवासींच्या या टापूत उताराच्या, हलक्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कोदो आणि कुटकी पिकत आली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तेल, मीठ, कपडालत्ता यांच्या शेजारी ही धान्ये पोत्यांतून विक्रीस येतात.

मराठी वाचकाने या नावांनी बिचकून जाऊ नये. कुटकी म्हणजे आपली वरी. उपवासाच्या दिवशी घरोघरी शिजणारी भगर ती हीच. कोदोला आपल्याकडे कोद्रा आणि कोकणात हरीक म्हणतात. गोंड घरांत कोदोचा भात होतो, आणि कोदो, कुटकी किंवा मक्याची पातळ पेज उन्हातान्हात कामाला जाणाऱ्यांचा आधार असते. कुटकीची खीर तर कोणत्याही नामांकित उपाहारगृहाने अभिमानाने वाढावी अशी. परंतु पेज मिळते घरात. रस्त्यावरच्या ढाब्यावर मिळते ती डाळ-रोटीच. पिकविणाऱ्याच्या गावातही बाहेर जेवणे म्हणजे गहू-तांदूळ खाणे, हे काहीसे विचित्र नव्हे काय?

याच्या अगदी उलट चित्र इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे दिसते. टेफ हे तिथले धान्य कोदोहूनही बारीक. त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली इंजेरा नावाची मोठी, जाळीदार, आंबोळीची आठवण करून देणारी पोळी गल्लीतल्या खाणावळीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत सर्वत्र वाढली जाते. इंजेरा पसरलेल्या एकाच थाळीवर भाज्या, कडधान्ये आणि मांसाचे रस्से मांडतात व सगळे मिळून उजव्या हाताने खातात. शाकाहारी मराठी पाहुण्याने तेथे बुधवारी किंवा शुक्रवारी जेवायला जावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या या उपवासाच्या दिवशी बेयाइनेतू नावाची निव्वळ शाकाहारी थाळी हमखास मिळते. उपवास आणि बारीक धान्य यांची सांगड तिकडेही आहे, ही गंमतच म्हणावयाची. गरिबाचे धान्य म्हणून टेफला कोणी कमी लेखीत नाही.

कोदोला हा मान का मिळाला नाही? एक कारण त्याच्या कठीण टरफलात आहे. अनेक पदरी साल काढण्यासाठी घरच्या बायकांनी भरडायचे, कांडायचे, पाखडायचे. हे कष्ट वाचावेत म्हणून स्वस्त तांदूळ जवळचा वाटू लागला. टरफलासह विकलेल्या कोदोला भाव कमी, आणि साल काढून पाकिटात भरलेल्या धान्याचा नफा दुसऱ्याच्या पदरात. शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात मेहंदवानी येथे तेजस्विनी कार्यक्रमातील महिला संघाने लागवड व प्रक्रिया हाती घेऊन ही साखळी तोडण्याचा प्रयत्न केला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये जबलपूर येथे भरलेल्या मध्य प्रदेश मंत्रिमंडळाच्या बैठकीत राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजनेस मंजुरी मिळाली. कोदो-कुटकीवर किलोमागे १० रुपये प्रोत्साहन शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट जमा व्हावे, अशी ही योजना. साल काढण्याच्या यंत्रासाठीही मार्ग निघाला: २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत बँक कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. यंत्र गावात आले तर निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. उरलेली निम्मी शहरातील उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यात लढावी लागेल.

अर्थात सावधगिरीही हवी. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १० हत्ती मरण पावले; बुरशी लागलेला कोदो मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने विषबाधा झाल्याचे तपासणीत आढळले. दोष धान्याचा नव्हे, ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचा. शेतकऱ्यांना ही गोष्ट जुन्या काळापासून ठाऊक आहे. नीट वाळवलेला कोदो मात्र वर्षानुवर्षे टिकतो, म्हणूनच दुष्काळासाठी तो राखून ठेवीत. धान्य खरेदी करणाऱ्या उपाहारगृहाने भावाइतकीच त्याच्या कोरडेपणाची चौकशी केली पाहिजे.

कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आटोपते, त्यामुळे नवे धान्य पाहावयाचे तर कुंडमच्या बाजाराला दिवाळीनंतर जावे. सालीसह की साल काढलेले, हे आधी विचारावे. कोरडा, खडखडीत आणि कुबट वास नसलेला दाणाच घ्यावा. घरी आणल्यावर धुऊन अर्धा तास भिजवावा आणि वाटीभर कोदोला दोन-अडीच वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवावा. वरून साजूक तूप, सोबत तुरीचे वरण.