वरून पाहणारा डोळा

राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात (१९१२) आखाड्याभोवतीची बैठक चढत जाते. नजर वरून पडते, म्हणून दोन मल्लांमधले अंतरही नीट कळते. रोबोकॉनसारख्या विद्यार्थी-स्पर्धांत यंत्रमानव चालवणाऱ्याला ही सोय नसते. तो सपाट जमिनीवर उभा असतो.

समजा, त्याचे डोळे १.५ मीटर उंचीवर आहेत. ६ मीटरवरचा यंत्रमानव आणखी १ मीटर दूर गेला, तर नजरेचा कोन जेमतेम २ अंशांनी बदलतो. तेवढाच बाजूला सरकला, तर साडेनऊ अंशांनी! म्हणून डावे-उजवे कळते, पण खोली फसवते. यंत्रमानवाची पकड चेंडूच्या अलीकडेच मिटते. नियमांत बसत असेल, तर मैदानावर ६ मीटर उंचीवर कॅमेरा टांगावा. त्याच्या बरोबर खालून यंत्रमानव कोणत्याही दिशेला १ मीटर सरकला, तरी बदल साडेनऊ अंशांचाच.

मात्र चित्र पडद्यावर थोडे उशिरा उमटते, हे मुले हमखास विसरतात. उशीर ०.२ सेकंद आणि वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर यंत्रमानव चित्रापेक्षा ४० सेंटिमीटर पुढे असतो. तेव्हा धावताना नजर मैदानावरच हवी. पडदा पाहावा तो शेवटच्या सावकाश हालचालीसाठी.

वर्गात चार-पाच पावलांवर दोन खडू एकामागे एक ठेवा. आधी जमिनीवर बसून, मग उभे राहून, त्यांच्यातील अंतराचा अंदाज विद्यार्थ्यांना करायला सांगा.