चिलापी उन्हात येते

महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव करत जाते, असं आपल्याकडं म्हणतात. हवेतली जाते, पाण्यातली इतक्या लवकर हलत नाही. फेब्रुवारीत कोल्हापुरात दुपारचं ऊन चटका देऊ लागतं, तरी पहाटे रंकाळ्यात पाय घातला तर अंगावर शहारा येतो. शिवाजी पेठेतून तळ्यावर जाणाऱ्या गळवाल्यांत म्हणून दोन तट. एक अंधारात जाऊन जागा धरणारा, दुसरा चहा-नाष्टा उरकून निवांत निघणारा. माघ-फाल्गुनात तरी मी दुसऱ्या तटाचा.

"काय आबा, घावलं काय?"

"उन्हं तर वर येऊ दे रं!"

आबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार असलं की पचन मंदावतं, भूकही मरते. त्यात रंकाळ्यात गळाला लागते ती बहुतेक चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या खाली गेलं तर ती चरणं जवळजवळ सोडूनच देते. रंकाळा सहसा एवढा गारठत नाही, पण पहाटेचा गारवा तिला सुस्त करायला पुरतो. दहा-अकराला काठाचं उथळ पाणी कोमट होतं, तशी ती खोलातून वर सरकते.

जागा निवडताना खोल पाण्याचा मोह टाळावा. काळ्या दगडाचा, उन्हात तापलेला, झाडाची सावली नसलेला काठ बघावा. वारा असेल तर तो ज्या बाजूला वाहतोय तो काठ चांगला, कारण वरचं कोमट पाणी तिकडं लोटलं जातं. केंदाळाच्या कडेला मोकळं पाणी दिसलं तर तिथंही एकदा गळ टाकून बघावा.

सरंजाम बारीक हवा. दुकानदार जाडजूड तंगूस गळ्यात मारतात. हिवाळ्यातल्या निवळ पाण्यात तो माशाला लांबून दिसतो. बारीक तंगूस, लहान गळ आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा पुरे. कणीक लावायची तर हळद घालून घट्ट मळावी, नाहीतर पाण्यात पडताच विरघळते. तरंगायला मोरपिसाचा दांडा लावावा, थर्माकोलचा ठोकळा नको. सुस्त मासा आमिष ओढून पळत नाही, नुसतं तोंडात घेऊन थांबतो. दांडा बुडत नाही. जरासा कलतो, नाहीतर उलट चिमूटभर वर उचलला जातो. हिसका मारायचा तो तेव्हाच. बुडण्याची वाट बघणारा रिकाम्या पिशवीनं घरी येतो.

अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडं तळ्यांवरचं बर्फ वितळलं की लोक असंच आधी तापणारं उथळ पाणी शोधतात. तिथला तळव्याएवढा ब्लूगिल मासा आधी उत्तर काठाच्या उथळ, काळ्या चिखलाच्या खाड्यांत येतो, कारण तिथं दक्षिणेचं ऊन पडून पाणी आधी तापतं. पुढं पाणी वीस अंशांच्या आसपास गेलं की नर तळाशी ताटलीसारखे खळगे करतात. चिलापीचा नरही तसेच खळगे खणतो. मादी मात्र अंडी खळग्यात ठेवत नाही, तोंडात धरून उबवते आणि त्या काळात फारसं खातही नाही. जाळ्यात अशी मादी आली आणि तिच्या तोंडात पिवळे दाणे दिसले, तर तिला सोडून द्यावं. एरवी चिलापी सोडायचा आग्रह मी धरणार नाही. तिनं देशी माशांची जागा बरीच खाल्ली आहे.

देशी मासा हवा असेल तर पंचगंगेवर जावं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले जातात आणि वरच्या अंगाला पाणी साठून संथ होतं. बरग्यांच्या फटींतून गळणारं पाणी खाली फेसाळत पडतं, तिथं हवा मिसळते. खवली, शिंगटी अशा फेसाच्या कडेला घुटमळतात. शिंगटीचा काटा मात्र जपून. बोटात घुसला तर ठणका लवकर थांबत नाही.

खायचं म्हणाल तर शहराचं सांडपाणी मिसळतं तिथला मासा मी तव्यावर घेणार नाही. प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाचा असेल तर चिलापीला मीठ-हळद चोळून चिंचेच्या कोळात ठेवावं, म्हणजे चिखलाचा वास मरतो. मग कांदा-लसूण चटणी लावून चुरचुरीत भाजावी.

हा मोसम होळीनंतर फार टिकत नाही. पाणी तापेल तसा त्यातला प्राणवायू घटतो: वीस अंशांना लिटरमागं सुमारे नऊ मिलिग्रॅम विरघळतो, तिसाला साडेसात. त्यात मळी किंवा मैला मिसळला की नदीत मासे तरंगू लागतात. एप्रिलमध्ये भर दुपारी काठाशी बसणं म्हणजे नुसतं डोकं तापवून घेणं. तेव्हा अंधारात जागा धरणाऱ्या तटाचंच खरं.