चार पुठ्ठे, तीन रंग आणि आईचा मोतीबिंदू

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. गणपतीच्या आधी आतली दहा बाय अकराची खोली रंगवून घ्यायची असं ठरलं आणि घरात लगेच तट पडले. दादाला फिकट राखाडी हवा, वहिनीला क्रीम, बाबांना 'साधा पांढरा, डाग दिसला की कळतो तरी'. आई म्हणाली, कुठलाही लावा, सगळे सारखेच दिसतात. शेड कार्ड डायनिंग टेबलावर आठवडाभर फिरलं, भांडण काही मिटेना. मग मी माझी पीएचडी मध्ये घातली (घरचे अजून मला त्याबद्दल ऐकवतात).

आधी शेड कार्डाचं बघू. कार्डावरचा चौकोन जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा, भोवती पांढरा कागद आणि शेजारी दहा भाऊबंद. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो, हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पुस्तक लिहून सविस्तर मांडलं. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात तो रंगाई विभाग सांभाळायचा. तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. रंग तपासला तर त्यात खोट नव्हती, घोळ शेजारच्या धाग्यांचा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे खोलीत चारही भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. समजा एक क्रीम रंग तांबडा प्रकाश ८० टक्के परत पाठवतो आणि निळा ६० टक्के. एका उसळीनंतर निळ्याचं तांबड्याशी प्रमाण ०.७५. तोच प्रकाश समोरच्या भिंतीवर जाऊन पुन्हा उसळला की ०.५६, तिसऱ्यांदा ०.४२. म्हणून कार्डावर 'हलकासा' वाटणारा रंग चार भिंतींना लावल्यावर अंगावर येतो. आमच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसरी बिल्डिंग आहे, विटकरी रंगाची. म्हणजे दुपारी खोलीत येणारा उजेडही आधीच विटकरी झालेला. रात्री ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब, तिच्यात निळ्याचा भाग जास्त. तेव्हा 'कोणता रंग चांगला' या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या उजेडात, कशाशेजारी आणि कोणाला, एवढं ठरवल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही.

मी दोन फुटी चौरस पुठ्ठे घेतले, प्रायमर मारला, प्रत्येकावर रंगाचे दोन हात दिले आणि दोन दिवस वाळू दिले. ओला आणि वाळलेला इमल्शन एकसारखा दिसत नाही, त्यामुळे ही घाई करू नका. मागे अ, ब, क, ड एवढंच लिहिलं. रंगाची नावं लपवली, कारण कंपन्या नावं अशी देतात की माणूस नावालाच भुलतो. रंग तीन, पुठ्ठे मात्र चार. 'ब' आणि 'ड' एकाच डब्यातले राखाडी. हे फक्त मला माहीत.

सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. खिडकीजवळची भिंत आणि तिच्या समोरची. अशा सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत पुठ्ठ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि चौघांनी एकमेकांना न विचारता पसंतीचा क्रम लिहून दिला.

राखाडीचा कट्टर समर्थक दादा! त्याने एका रात्रीच्या फेरीत 'ब'ला पहिला नंबर दिला आणि 'ड'ला शेवटचा. 'ड' त्या वेळी गडद सनमायकाच्या कपाटाला लागून होता, बाकी काही नाही. जुळे पुठ्ठे ठेवले नसते तर मी त्या आकड्यांवरून 'दादाला ब आवडतो' असा निष्कर्ष खुशाल लिहिला असता. एकाच रंगाच्या दोन पुठ्ठ्यांत एवढी तफावत पडत असेल, तर क्रीम आणि पांढऱ्यात दिसलेला तेवढाच फरक रंगाचा म्हणायचा कसा? तुमच्या प्रयोगातही एखादा नमुना असाच दोनदा, वेगळ्या नावाने घाला. खर्च थोडा वाढतो, पण मोजमापात मुळातच किती डगमग आहे ते कळतं. आणि हो, सहा फेऱ्या गुणिले चार माणसं म्हणजे चोवीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. माणसं चारच आहेत. माझ्या पहिल्या सेमिनारला मी नेमकी हीच चूक केली होती.

आईने पहिल्याच फेरीत सांगितलं, 'यातले दोन एकच आहेत.' मी खूश झालो. कोणते, विचारलं तर तिने 'अ' आणि 'क' दाखवले. पांढरा आणि क्रीम! सगळे हसलो. सहाही फेऱ्यांत तिने तेच सांगितलं. मी वहीत तिच्या नावापुढे 'विश्वासार्ह नाही' असं लिहून ठेवलं.

जुलैत तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी तिने ते पुठ्ठे स्वतःच पलंगाखालून काढले. एक डोळा झाकला, मग दुसरा. 'अगं बाई, हा तर पिवळा आहे की!'

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. पांढरा आणि क्रीम यांच्यातला फरक मुख्यतः निळ्यातच असतो. तो प्रकाश आत पोचलाच नाही तर फरक दिसणार कुठून? हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. सहा फेऱ्यांत एकदाही न बदललेलं उत्तर देणारी आमच्या घरात ती एकटीच होती, आणि मी तिलाच बाद केलं होतं.

रंगमापनात 'प्रमाण निरीक्षक' नावाची चीज आहे, सीआयईने १९३१ मध्ये ठरवलेली. तिच्यामागे राइट आणि गिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये तपासलेली मोजून सतरा माणसं आहेत, दहा एकाची, सात दुसऱ्याची. त्यांना दाखवलेला रंगाचा तुकडा दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून अंगठ्याचं नख पाहावं साधारण तेवढा. मोठ्या क्षेत्रासाठी दहा अंशांचा निरीक्षक १९६४ मध्ये आला. मी प्रयोगशाळेत रोज हे तक्ते वापरतो. त्यातला 'निरीक्षक' हा कोणाचा तरी डोळा आहे, हे मात्र पलंगाखालच्या पुठ्ठ्यांनी लक्षात आणून दिलं.

वहीतली ती नोंद मी खोडली नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. गणपती जुन्याच रंगात झाले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्याआधी आहे, त्यानंतर सहा फेऱ्या पुन्हा. रंगारी काकांना दिवाळीच्या आधीचा आठवडा सांगून ठेवलाय. त्यांचं म्हणणं, भिंतीची ओल तोपर्यंत तशीही सुकेल.