आधी आवाज, मग चित्र

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या एका वाहिनीची दुरुस्ती चालू असताना दुसरीही बंद पडली आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोरोनाचे ते दिवस सरले, पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ऑनलाइन शिकवण्या चालूच आहेत आणि ‘सर, आवाज तुटतोय’ हे वाक्यही.

लाइट गेली तरी लॅपटॉप चालतो, वर्ग मात्र बंद पडतो, कारण राउटरला बॅटरी नसते. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. केबलवाल्याचं जिन्यातलं किंवा गच्चीवरचं यंत्रही विजेवरच चालत असेल, तर घरातला यूपीएस पुरत नाही. रस्ता खणताना फायबर तुटली, तरीही तेच. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहावा. सिमकार्ड ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असलेलं बरं.

वीज असूनही आवाज अडखळतो तेव्हा अपलोडचा वेग तपासावा. सिनेमा पाहायला डाउनलोड लागतो, शिकवायला अपलोड. समूहवर्गात बऱ्या चित्राला साधारण १ एमबीपीएस लागतो, नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसही पुरतात. म्हणजे अडचण आली की पहिल्यांदा कॅमेरा बंद करायचा. फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकून आवाजावर तास पुढे नेता येतो.

डोंबिवलीतल्या दाटीच्या इमारतींत आणखी एक भानगड असते. घरोघरच्या राउटरचे सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर आदळतात. तिथे एकमेकांना न छेदणारी चॅनेल जेमतेम तीन. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण तो सिग्नल भिंतीपलीकडे क्षीण होतो. एकाच खोलीत राउटर असेल तर ५ निवडावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे थेट केबल. आवाज घुमत असेल, तर एकाच खोलीतल्या दोन उपकरणांचा आवाज चालू आहे का, ते पाहावं. आणि झूमच्या मोफत बैठकीत ४० मिनिटांनी दार बंद होतं, हे धरूनच तासाची आखणी करावी.

विद्यार्थ्याच्या घरी काय आहे, हा प्रश्न मात्र राउटरने सुटत नाही. दोन भावंडांत एक फोन असेल, तर थेट तास चुकणारच. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तिला डेटापॅक लागत नव्हता. त्याच महिन्यात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली. तात्पर्य, थेट तास छोटा ठेवावा आणि बाकीचं मुलांना सवडीने पाहता येईल असं द्यावं.

सगळ्यात स्वस्त उपाय यंत्राचा नाहीच. ‘सर दिसेनासे झाले तर पाच मिनिटं थांबायचं, मग ग्रुपवर दिलेलं पान सोडवायचं’ एवढा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. एखाद्या सहकाऱ्याला सह-यजमान करून ठेवा आणि एकदा मुद्दाम नेट बंद करून या सगळ्याची तालीम घ्या. नेट जाणं आपल्या हातात नाही. गेल्यावर वर्गाने काय करायचं, हे मात्र आजच ठरवता येतं.