मुलाच्या संरक्षणासाठी आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही

वस्तीत एखाद्या लेकराच्या अंगावर वारंवार वळ दिसतात, पण "पुरावा कुठे आहे?" म्हणत कार्यकर्तेही गप्प बसतात. इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. आईबापाला शिक्षा द्यायची का, हे फौजदारी न्यायालय ठरवते. तिथे संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पण मूल आज कुठे सुरक्षित राहील, हे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकल्याण समिती ठरवते. या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

१०९८ वर किंवा पोलिसांना कळवता येते. ताब्यात घेतलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे आणावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी, असे कायदा सांगतो. तान्हे बाळ बोलू शकत नाही, त्यामुळे वैद्यकीय तपासणी महत्त्वाची. रांगूही न लागलेल्या बाळाचे हाड मोडले असेल, तर "पडलं" हे उत्तर सहज पटत नाही.

मूल लगेच संस्थेतच जाते, असे नाही. आजी, मावशी अशा योग्य व्यक्तीकडेही सोपवता येते. संस्था हा शेवटचा उपाय. आणि गरिबी म्हणजे छळ नव्हे, हे समितीपुढे ठणकावून सांगायला आपला माणूस हवाच. आदेश चुकीचा वाटल्यास ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सोखाली कळवणे बंधनकारक आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मात्र मुलाचे नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकणे हाच गुन्हा ठरतो.